दाभोळची खाडी कशी पाहावी: अंजनवेलपासून गोवळकोटपर्यंत

दापोलीहून गुहागरला जाणारे बहुतेक पर्यटक दाभोळची खाडी फेरीबोटीच्या कठड्याला टेकून पाहतात, आणि पलीकडच्या काठावर गाडी उतरली की त्यांच्या लेखी खाडी संपते. ज्यांच्यापाशी थोडा अधिक वेळ असतो ते दाभोळची मशीद पाहतात, गोपाळगडावर जाऊन येतात, एखादी सकाळ चिपळूणजवळच्या मगरींसाठी राखून ठेवतात; परंतु ही ठिकाणे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे लक्षात न आल्यामुळे प्रत्येक ठिकाण सुटे आणि काहीसे किरकोळ वाटते. या मार्गदर्शिकेतील सूचना साधी आहे. दाभोळची खाडी हा एक जुना व्यापारी रस्ता आहे असे समजून ती मुखापासून वरच्या टोकापर्यंत क्रमाने पाहावी. समुद्रावरून आलेला माल भरतीच्या पाण्यावर थेट चिपळूणपर्यंत जात असे आणि तेथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे निघत असे. खाडीकाठच्या किल्ल्यांचा, लेण्यांचा आणि देवस्थानांचा अर्थ या रस्त्यामुळेच लागतो. या पद्धतीने पाहायचे तर दोन दिवस पुरतात, पण घाई नको असेल तर तीन ठेवावेत.

आधी जमीन समजून घ्यावी

वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूण शहरातून पश्चिमेकडे वाहते आणि उत्तरेला दाभोळ व दक्षिणेला अंजनवेल ही गावे ठेवून अरबी समुद्राला मिळते. खेडकडून येणारी जगबुडी तिला वाटेत मिळते, तर दापोली तालुक्यातून येणारी कोटजाई खालच्या अंगाला खाडीत उतरते. नदीची एकूण लांबी सुमारे 70 किलोमीटर आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भागात, म्हणजे जवळजवळ चिपळूणच्या वेशीपर्यंत, समुद्राची भरती पोहोचते. कोकणातील नद्यांचे हे वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे: घाटमाथ्यावरून कोसळलेली नदी पायथ्याशी येताच जवळपास समुद्रसपाटीला येते, आणि पुढचा सारा प्रवास ती भरती-ओहोटीच्या तंत्राने करते.

अशी रचना होण्याचे कारण भूगर्भात आणि हवामानाच्या इतिहासात आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, त्या वेळी नद्यांनी आपली पात्रे खोल कोरून काढली. पुढे बर्फ वितळून समुद्र वर चढला तेव्हा त्या खोल दऱ्यांत तो आत शिरला. खाडीच्या दोन्ही बाजूंना जे सपाट माथ्याचे उंच सडे दिसतात ते जांभ्या दगडाचे आहेत आणि त्यांच्या खाली काळा कातळ आहे. सडा आणि पाणी यांच्यामध्ये सपाट जागा फारच कमी उरते, त्यामुळे खाडीकाठची गावे उताराला बिलगून वसलेली आहेत. दाभोळ गाव हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: मागे डोंगर, पुढे पाणी आणि मध्ये अरुंद पट्टी. एवढ्याशा जागेत एकेकाळी दख्खनमधले एक मोठे बंदर कसे सामावले असेल, असा प्रश्न येथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर असे की बंदराला गावाची रुंदी लागत नाही, निवाऱ्याचे पाणी लागते, आणि ते येथे भरपूर होते.

तिथीवरून वेळ काढावी

खाडी पाहण्याची वेळ घड्याळापेक्षा तिथीवरून ठरवावी. किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी सहाच्या आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊणपटीचे गणित त्यावरच आधारलेले आहे. ओहोटीची वेळ हवी असेल तर भरतीच्या वेळेत सहा तास मिळवावेत किंवा त्यातून वजा करावेत. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूला अधिक नेमका बसतो. दाभोळच्या मुखाशी भरती त्याहून थोडी आधी येते आणि खाडीत आत जावे तशी ती उशिरा पोहोचते, चिपळूणकडे तर तास-दोन तासांचा फरक पडतो. म्हणून तासाभराची चूक गृहीत धरून बेत आखावा, आणि होडी ठरवायची असेल तर होडीवाल्याचाच शब्द प्रमाण मानावा.

उधाण आणि भांग यांतील निवडही विचारपूर्वक करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरतेही, त्यामुळे खाडीचा तळ, चिखलाचे पट्टे आणि तिवरांची मुळे उघडी पडलेली पाहायची असतील तर हे दिवस चांगले. परंतु त्या दिवसांत ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, तेव्हा लवकर उठण्याची तयारी हवी. अष्टमीच्या भांगाला ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते, पण पाण्याच्या पातळीतला फरक कमी असतो. मगरी पाहण्यासाठी चतुर्थी ते सप्तमी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. त्याचे कारण पुढे येईलच.

मुखाशी: दाभोळ

दापोलीपासून दाभोळ सुमारे 30 किलोमीटरवर आहे. शेवटचा उतार उतरताना खाडीचे मुख दिसते तेथे थांबावे आणि समोरच्या काठावरचे अंजनवेलचे टोक नीट न्याहाळावे, कारण खाली गेल्यावर इतका पट्टा एका नजरेत येत नाही. मुखातून आत शिरलेल्या जहाजाला एकदम वाऱ्यापासून आणि लाटांपासून आडोसा मिळतो, ही गोष्ट येथून स्पष्ट कळते.

या बंदराचा भरभराटीचा काळ म्हणजे बहमनी राजवट आणि तिच्यानंतरची आदिलशाही. दख्खनच्या पठारावर चांगल्या जातीचे घोडे पैदा होत नसत आणि घोडदळावाचून राज्य टिकत नसे, त्यामुळे अरबस्तान आणि इराणकडून जहाजांतून येणारे घोडे हा या बंदराचा मोठा व्यापार होता. बहमनी दरबाराचा कर्तबगार वजीर महमूद गावान हा मूळचा इराणमधील गिलानचा. तो 1453 मध्ये हिंदुस्थानात आला तो दाभोळलाच उतरून. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला, बीदरपर्यंत फिरला आणि परतताना दाभोळहून होर्मुझकडे निघाला. आपल्या टिपणांत त्याने या बंदराची आणि येथे येणाऱ्या घोड्यांची नोंद केली आहे. बीदरच्या मदरशाची भव्य इमारत ज्यांनी पाहिली आहे त्यांनी दाभोळच्या धक्क्यावर उभे राहून हे लक्षात घ्यावे की ती उभारणाऱ्या महमूद गावानने या देशात पहिले पाऊल ठेवले ते याच काठावर.

दाभोळचा नाश एका सुडातून झाला. मार्च 1508 मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. अल्मेदा त्याचा बदला घेण्यासाठी दीवकडे निघाला आणि वाटेत, 1508 च्या डिसेंबर अखेरीस, त्याने दाभोळवर उतरून शहर जाळले आणि रहिवाशांची कत्तल केली. दीवची निर्णायक लढाई त्यानंतर फेब्रुवारी 1509 मध्ये झाली. दाभोळ पुन्हा उभे राहिले, आदिलशाहीत त्याला पुन्हा बरकतही आली, पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचे हल्ले त्याच्यावर वारंवार होत राहिले. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांच्या फौजा दक्षिण कोकणात उतरल्या आणि 1660 च्या सुमारास हे बंदर स्वराज्यात आले.

आज या वैभवाची जिवंत खूण म्हणजे बंदराजवळची मोठी मशीद. तिला गावात अंडा मशीद असेही म्हणतात. विजापूरच्या वास्तुशैलीशी तिचे नाते घुमट आणि मिनार पाहताच कळते. तिच्या बांधकामाविषयीची कथा अशी सांगितली जाते की विजापूरची शाहजादी आयेशा बीबी मक्केच्या यात्रेसाठी दाभोळला आली, समुद्रावरील चाच्यांच्या भयामुळे तिचे जाणे रहित झाले, आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने या मशिदीवर खर्च केले. काळ 1659-60 चा सांगतात, म्हणजे अफझलखान प्रकरणाचाच. कथेतील तपशील किती खरे मानायचे ते वाचकाने ठरवावे. मात्र मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे हे बंदर होते, हा तिच्यातला गाभा इतिहासाशी जुळतो. मशिदीत जाताना नमाजाची वेळ टाळावी, पादत्राणे बाहेर काढावीत आणि छायाचित्रे घेण्याआधी तेथील मंडळींना विचारावे.

दाभोळमधले दुसरे ठिकाण म्हणजे चंडिका देवीचे भूमिगत मंदिर. कातळातल्या नैसर्गिक गुहेत, वाकून आत शिरावे लागते अशा जागी, देवीची मूर्ती आहे आणि आत समईचाच काय तो उजेड असतो. उंच माणसांनी डोके सांभाळावे, आणि बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा, त्यात कमीपणा नाही.

पलीकडच्या काठावर: धोपावे, अंजनवेल आणि गोपाळगड

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट 2003 पासून सुरू आहे. तिच्यावर माणसे, दुचाकी, मोटारी आणि लहान बसही जातात, आणि खेड-चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचतो. गाडी बोटीवर चढवली की गाडीत बसून न राहता उतरून पुढच्या टोकाशी जावे. डाव्या हाताला खाडी आत वळताना दिसते आणि उजव्या हाताला मुख. पाण्याचा रंग नीट पाहिला तर ओहोटीला आतून येणारे गढूळ पाणी आणि बाहेरचे समुद्राचे पाणी यांमधली रेषा पुष्कळदा ओळखता येते.

धोपाव्याहून अंजनवेलकडे जाताना एक घोटाळा आधीच दूर करून ठेवावा. वर्तमानपत्रांत गाजलेला ‘दाभोळ वीजप्रकल्प’ दाभोळला नाही. तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातील वेलदूर, अंजनवेल आणि रानवी या गावांच्या जमिनीवर आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी 1992 मध्ये प्राथमिक करार झाला, 1995 मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, फेरवाटाघाटी होऊन काम पुन्हा सुरू झाले, 1999 मध्ये पहिल्या टप्प्यातून वीज निघू लागली आणि दराच्या वादात 2001 मध्ये सारे बंद पडले. पुढे 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे आला. प्रकल्पाच्या आवारात प्रवेश नाही आणि तेथे छायाचित्रे घेण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु रस्त्यावरून जाताना एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नैसर्गिक वायूची जहाजे जिथे लागतात तो धक्का खाडीत नसून बाहेर उघड्या समुद्राकडे आहे, कारण अशा अवाढव्य जहाजांना खाडीच्या मुखातील गाळ आणि उथळ पाणी चालत नाही. मग उघड्या समुद्रावर लाटा अडवण्यासाठी कृत्रिम बांध घालावा लागतो, आणि तो अपुरा राहिल्यामुळे पावसाळ्यात हा धक्का अनेक वर्षे वापरताच येत नव्हता. गलबतांना निसर्गाने जो निवारा फुकट दिला होता तो आजच्या जहाजांसाठी कोट्यवधी रुपये खर्चून बांधावा लागतो. दाभोळ बंदर मागे का पडले याचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

गोपाळगड अंजनवेलच्या सड्याच्या टोकावर आहे. मूळ किल्ला आदिलशाही काळातला. जंजिऱ्याच्या सिद्दी खैरियतखानाने तो 1699 मध्ये घेतला, तुळाजी आंग्र्यांनी 1745 मध्ये सिद्द्यांकडून जिंकून त्याला गोपाळगड हे नाव दिले, आंग्र्यांच्या पाडावानंतर 1756 च्या सुमारास तो पेशव्यांकडे गेला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी तो घेतला. जमिनीकडच्या बाजूंना कातळात खोदलेला रुंद खंदक ही या किल्ल्यातील सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट आहे, आणि दुर्दैवाने बहुतेकजण तो ओलांडून थेट आत जातात. खंदकाच्या कडेने चालत जावे. डोंगरी किल्ल्याला कडा असतो, जलदुर्गाला पाणी असते. सपाट सड्यावरच्या या किल्ल्याला संरक्षण हवे म्हणून कातळ फोडावा लागला, आणि तोच दगड तटाला वापरता आला. किल्ल्याच्या आत आंब्याची कलमे लावली गेली आणि मालकीचा वाद दीर्घकाळ चालला, त्यामुळे आत जाण्याआधी गावात चौकशी करून जाणे शहाणपणाचे ठरते.

तटावरून दोन्ही दिशा पाहाव्यात. पश्चिमेला समुद्र आणि टोळकेश्वराचे टोक, तेथे मंदिर आणि दीपगृह आहे. पूर्वेला खाडीचे मुख, दाभोळ आणि पलीकडचे डोंगर. दाभोळमध्ये शिरणारे एकही गलबत या तटाच्या नजरेतून सुटू शकत नव्हते. मात्र या किल्ल्याने खाडीचे फक्त एक दार राखले होते. दुसरे दार चिपळूणला आहे.

खाडीच्या आत: तिवरे, मासे, लेणी

धोपाव्यापासून वर खाडीचा मधला भाग सुरू होतो आणि पर्यटकांची वर्दळ एकदम कमी होते. काठाने सलग रस्ता नाही. सड्यावरून जाणारे रस्ते अधूनमधून एखाद्या गावाला खाली उतरतात. हा भाग पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे होडी, आणि होडी नसेल तर एखाद्या गावाच्या जेटीवर ओहोटीच्या वेळी तासभर थांबणे.

ओहोटी लागली की काठाची वनस्पती ओळखता येते. पाण्यातून काड्यांसारखी सरळ वर आलेली श्वासमुळे तिवर आणि चिपी यांची. कमानीसारखी खोडातून फुटून चिखलात रुतलेली मुळे कांदळाची. ज्या चिखलात हवा नसते तेथे जगण्याची ही त्यांची युक्ती आहे. या झाडांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, म्हणूनच खाडीकाठच्या मासेमारीचे भवितव्य तिवरांशी बांधलेले आहे. मुखाकडे खारवी, कोळी आणि दालदी मासेमारांची वस्ती, तर आतल्या भागात भोई समाजाची. बोय, कालवे, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या ही खाडीची देणगी. खाडीकाठच्या एखाद्या घरगुती खानावळीत ताजी चिंबोरी मिळाली तर पापलेटचा हट्ट सोडावा.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. लोटे-परशुराम येथील रासायनिक औद्योगिक वसाहत या खाडीच्या पाणलोटात आहे, आणि तिच्या सांडपाण्यामुळे मासे मरण्याच्या तक्रारी खाडीकाठचे मासेमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हे येत नाही. पण खाडीची ओळख करून घेणाऱ्याने जाळी टाकणाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. पूर्वी कोणता मासा मिळत असे आणि आता कोणता मिळत नाही, याची यादी ते न विचारताही सांगतात.

मधल्या भागातील एक ठिकाण मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये, ते म्हणजे पन्हाळेकाजीची लेणी. ही दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठावर आहेत. एकूण 29 लेणी. सन 1139 चा शिलाहार काळातील ताम्रपट येथे सापडला आणि 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या अभ्यासामुळे ही लेणी विद्वानांच्या नजरेत आली. आरंभीची लेणी हीनयान बौद्धांची, नंतर वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाची, पुढे शैव आणि गाणपत्य उपासनेची, आणि शेवटी नाथ संप्रदायाची. जवळपास हजार वर्षांहून अधिक काळ एकाच कातळात एकामागून एक पंथ येत राहिले. अक्षोभ्य या वज्रयानी बुद्धाची मूर्ती आणि नाथ सिद्धांच्या छोट्या प्रतिमा यांसाठी पुरेसा वेळ ठेवावा, आणि आतील काळोखासाठी विजेरी जवळ ठेवावी. इतक्या आडबाजूला इतके पंथ का आले, असे वाटेल. ती जागा आडबाजूची आज आहे. दाभोळच्या बंदराकडून खाडीने आत येणाऱ्या माणसासाठी ती वाटेवरची होती. बंदर, नदी आणि लेणी हे नाते कोकणात इतरत्रही दिसते, पण येथे ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

लेण्यांकडे येता-जाता उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरे पाहता येतात. पाणी खरोखरच कढत असते; हात घालण्याआधी अंदाज घ्यावा.

वरचे टोक: गोवळकोट आणि चिपळूण

खाडीचे वरचे दार म्हणजे गोवळकोट, ज्याला गोविंदगड असेही म्हणतात. चिपळूण शहराला लागून, वाशिष्ठीच्या वळणात, एका बुटक्या टेकडीवर हा किल्ला आहे. पायथ्याशी करंजेश्वरी देवीचे मंदिर आहे आणि तेथून पायऱ्यांनी थोड्याच वेळात माथ्यावर पोहोचता येते. अवशेष फार नाहीत. तट, बुरूज, काही तोफा, पाण्याचे टाके, एवढेच. तरीही येथे संध्याकाळचा तास अवश्य घालवावा, कारण या टेकडीवरून खाडी जिथे संपते आणि नदी जिथे सुरू होते तो सारा प्रदेश समोर दिसतो: वळणे घेत येणारे पात्र, मधली बेटे, दोन्ही काठांची भातखाचरे, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. खाली गोवळकोटचा धक्का आहे. दाभोळला मोठी गलबते थांबत, लहान पडाव आणि मचवे भरतीबरोबर येथवर येत, आणि या ठिकाणी मालाचा जलप्रवास संपत असे. येथून पुढे कुंभार्ली घाट, पाटण आणि कऱ्हाड.

आता अंजनवेल आणि गोवळकोट हे दोन किल्ले एकत्र ठेवून पाहावेत. दोन्ही सिद्दीकडे होते, दोन्ही 1745 मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतले, आणि त्यांच्यानंतर दोन्ही पेशव्यांकडे गेले. हा योगायोग नाही. मुख एकाकडे आणि माथा दुसऱ्याकडे असेल तर खाडीचा उपयोग कोणालाच होत नाही; जकात वसूल करायची तर दोन्ही दारांच्या किल्ल्या एकाच कमरेला हव्यात. या दृष्टीने गोवळकोट हा छोटा आणि दुर्लक्षित किल्ला गोपाळगडाइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि माझ्या मते या साऱ्या प्रवासातील सर्वांत कमी लेखले गेलेले ठिकाण हेच आहे.

चिपळूणहून वर परशुरामाच्या देवळात जावे. 1727 मध्ये, अंजनवेल-गोवळकोट भागाचा सिद्दी अंमलदार सिद्दी सात याने एका हत्तीवरून उद्भवलेल्या वादात या देवस्थानावर हल्ला करून ते लुटले. तेथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी पुढे साताऱ्याजवळच्या धावडशीला गेले. शाहू महाराज, पेशवे आणि आंग्रे या तिघांनाही स्वामी गुरुस्थानी असल्यामुळे सिद्दीविरुद्धच्या पुढील मोहिमांना या घटनेने धार आली. 1736 मध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला ठार केले. तरीही दोन्ही किल्ले हाती यायला आणखी नऊ वर्षे गेली, यावरून त्यांच्या मजबुतीची कल्पना येते. परशुरामच्या घाटातून खाली पाहिले की वाशिष्ठीचे खोरे आणि गोवळकोटचे वळण एकत्र दिसते. दुपारच्या धुरकट उजेडापेक्षा सकाळी लवकर किंवा पाऊस नुकताच थांबला असताना हे दृश्य अधिक स्पष्ट असते.

मगरी पाहण्यासाठी चिपळूण परिसरातून होड्या निघतात. येथील मगरी गोड्या आणि मचूळ पाण्यात राहणाऱ्या जातीच्या आहेत. थंडीच्या दिवसांत अंग शेकण्यासाठी त्या उघड्या पडलेल्या चिखलावर येऊन पडतात, म्हणून उन्हाची वेळ आणि ओहोटी या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. चतुर्थी ते सप्तमी या तिथींना ओहोटी सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत येते, आणि हाच तो मेळ. भरतीच्या वेळी होडी घेतली तर नदीचा फेरफटका छान होतो, पण मगर दिसण्याची आशा धरू नये. होडीत उभे राहू नये, हात पाण्यात सोडू नयेत, आणि मगर जवळून दिसावी म्हणून होडीवाल्याला भरीस पाडू नये.

कोयनेचे पाणी आणि पूर

मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या बहुतेक नद्या आटलेल्या असताना वाशिष्ठीला पाणी असते, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. हे पाणी तिचे स्वतःचे नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहून अखेर बंगालच्या उपसागराला मिळणारे कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते, पोफळी आणि अलोरे परिसरातील वीजगृहांत त्यापासून वीज तयार होते, आणि मग ते वाशिष्ठीत सोडले जाते. जलविवाद लवादाने या वळवणुकीसाठी वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घातली होती, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. त्यामुळे या खाडीच्या वरच्या भागातील पाणी उन्हाळ्यातही बरेच गोडे राहते. कोकणातील इतर खाड्यांवर लागू पडणारे निष्कर्ष येथे तसेच्या तसे लावू नयेत.

चिपळूणची बाजारपेठ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर, नदीच्या पूरमैदानात आहे. जुलै 2005 मध्ये आणि त्याहून भीषण असा 22 जुलै 2021 रोजी तेथे पूर आला. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी, पात्रात साचलेला गाळ, त्याच वेळी आलेली भरती आणि धरणातून सोडलेले पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, यावर शहरात आजही तावातावाने बोलले जाते. 1864 मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही 2021 च्या पुराचा फटका बसला. बाजारातल्या जुन्या दुकानदारांना विचारले तर भिंतीवरची पुराची पातळी ते हाताने दाखवतात.

जाण्यायेण्याची व्यवस्था

रेल्वेने येणाऱ्यांसाठी खेड आणि चिपळूण ही कोकण रेल्वेची स्थानके सोयीची आहेत. मुखापासून माथ्याकडे जायचे असल्यास खेडला उतरून दापोलीमार्गे दाभोळ गाठावे आणि परतीची गाडी चिपळूणहून धरावी, म्हणजे एकही रस्ता दोनदा करावा लागत नाही. पहिला दिवस दाभोळ, फेरीबोट आणि अंजनवेलसाठी ठेवून मुक्काम गुहागरला करावा. तेथे राहण्याजेवण्याच्या सोयी दाभोळपेक्षा कितीतरी अधिक आहेत. गुहागर ते चिपळूण हे अंतर सुमारे 45 किलोमीटर आहे आणि एसटीच्या गाड्या मिळतात. पन्हाळेकाजी मात्र खाडीच्या उत्तरेला असल्यामुळे ते दाभोळला जाण्याआधी, दापोलीत मुक्काम करून पाहावे. स्वतःचे वाहन नसेल तर दापोलीहून रिक्षा ठरवून घ्यावी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरचे ऊन असह्य होते, तेव्हा गोपाळगड सकाळी नऊच्या आत उरकावा. पावसाळ्यात खाडीचे रूप वेगळेच असते, पण वाऱ्यापावसामुळे फेरीबोट बंद राहण्याची शक्यता असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि चिपळूणमार्गे जाण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. कोणत्याही ऋतूत ओहोटीच्या चिखलात उतरू नये. वरून घट्ट दिसणारा चिखल मांडीपर्यंत ओढून घेतो आणि त्यातील कालवांच्या कडा पाय कापतात. होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावे, आणि ते नसेल तर दुसरी होडी पाहावी.